लाईट संपले, आता घरात कोणी काय करायचं?

आधी प्रश्न थोडक्यात मांडते, म्हणजे इतर वाचणाऱ्यांना उत्तराचा संदर्भ लागेल. सोलापुरातल्या एका सूनबाईंनी लिहिलंय. सासरे ५८ वर्षांचे, यंत्रमाग कारखान्यात जॉबर, म्हणजे माग लावणारे-दुरुस्त करणारे. गालाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं, मग लाईट (म्हणजे रेडिएशन) आणि सोबत दर आठवड्याला केमो. लाईट संपून सात महिने झाले, डॉक्टर म्हणतात तब्येत चांगली आहे. पण मामा सगळ्यांबरोबर जेवायला बसत नाहीत, तोंडावर सतत उपरणं धरतात, हाक मारली तरी बोलत नाहीत. सासूबाई त्यांना पाण्याचा तांब्यासुद्धा उचलू देत नाहीत. नवरा दर महिन्याला पेट स्कॅन (आजार अंगात कुठे आहे का ते बघणारा) करा म्हणतो आणि स्वतः तंबाखू-सुपारीचा मावा खातो. नणंदेला स्थळं बघणं चालू आहे, तिथे आजार सांगायचा की लपवायचा यावरून रोज वाद. आणि या स्वतः दिवसभर चिडतात, रात्री रडतात. "आमचं घर पूर्वीसारखं कधी होणार?" असा प्रश्न आहे, आणि अगदी शेवटी, घाबरत घाबरत, "चौदा महिन्यांत माहेरी गेले नाही. दोन दिवस अक्कलकोटला जाऊन आले तर बरं दिसेल का?"

ताई, मी डॉक्टर नाही. वैद्यकीय समाजसेविका म्हणून चोवीस वर्षं या गावात कॅन्सरच्या पेशंटांबरोबर, खरं तर त्यांच्या घरच्यांबरोबर काम केलं. औषधाचा आणि तपासणीचा शेवटचा शब्द तुमच्या डॉक्टरांचा. माझी जागा त्यांच्या केबिनबाहेरच्या बाकावर होती, आणि बाकावर जे बोललं जातं ते केबिनमध्ये सहसा पोचत नाही.

घर पूर्वीसारखं कधी होणार, याचं उत्तर माझ्याकडे नाही. पण तुमचं पत्र दोनदा वाचल्यावर मला अडचण दुसरीच दिसली. आजाराने तुमच्या घरात प्रत्येकाला एकेक काम नेमून दिलं. मामांनी सोसायचं. सासूबाईंनी जपायचं. नवऱ्याने पैसा उभा करायचा आणि फाईल घेऊन धावायचं. उरलेलं सगळं तुम्ही: मिक्सर, नळीतून द्यायचं पातळ जेवण, मुलांची शाळा, भेटायला येणारे पाहुणे. सहा आठवडे, आठवड्याचे पाच दिवस लाईटला जायचं म्हणजे वेळापत्रक दवाखान्यानेच लावून दिलेलं होतं, कोणाला डोकं चालवावं लागत नव्हतं. मग एक दिवस लाईट संपले. आपल्या गावात एके काळी पाळी सुटली की गिरणीचा भोंगा वाजायचा, अख्ख्या पेठेला कळायचं. तुमच्या घरात तो वाजलाच नाही. सगळे अजून त्याच पाळीवर उभे आहेत. मामा अजून सोसतायत, सासूबाई अजून जपतायत, नवरा अजून धावतोय (आता धावायला जागा नाही म्हणून स्कॅनच्या मागे), आणि तुम्ही अजून मिक्सरपाशी.

म्हणून मी प्रश्न जरा फिरवून घेते: कोणी कोणतं काम आता सोडायचं, आणि कोणतं कोणाला परत द्यायचं?

यात बरंच काही तुमच्या परिस्थितीवर आहे. आजार कोणत्या टप्प्यावर सापडला, जबड्याचं हाड काढावं लागलं का, घरात किती खोल्या, कर्ज किती, मामा मुळात बोलके की अबोल. हे सगळं तुम्ही लिहिलेलं नाही, आणि तसं लिहिणं सोपंही नाही. त्यामुळे खालचं सगळंच तुम्हाला लागू पडेल असं समजू नका.

जेवणापासून सुरू करते, कारण माझ्या अनुभवात घर तिथेच अडकतं. तुम्ही लिहिलंय, "त्यांनी मनाला लावून घेतलंय." असेलही. पण मी आधी तोंड बघते, मग मन. त्यांना स्वतःची तीन बोटं एकावर एक उभी धरून पुढच्या दातांमध्ये जातात का ते बघायला सांगा. बहुतेक धडधाकट माणसांची जातात. दोनच जात असतील, तर भाकरीचा घास घेणं ही त्यांच्यासाठी कसरत आहे, आणि ती कसरत चार माणसांसमोर करायला कोणालाही नको वाटेल. लाईटनंतर जबड्याचे स्नायू आखडतात, आणि त्यातली मेख अशी की हे आखडणं लाईट संपल्यावरही महिनोन् महिने वाढत राहतं. लोक मात्र लाईट संपले म्हणून तोंड उघडायचे व्यायाम सोडतात. आईस्क्रीमच्या लाकडी काड्या एकावर एक रचून दातांमध्ये धरायच्या आणि सवय होईल तशी एकेक काडी वाढवायची, हा साधा व्यायाम बऱ्याच ठिकाणी शिकवतात. मामांनी किती काड्यांपासून सुरू करायचं आणि कुठे थांबायचं हे फिजिओथेरपिस्टला विचारा, कारण हाडाचं काम झालं असेल तर जोर लावणं बरं नाही. पण विचारा नक्की, सात महिने झाले म्हणून वेळ गेलेली नाही.

दुसरं, लाळ. गालाला लाईट देताना लाळेच्या ग्रंथी त्या वाटेत येतात. लाळ नसली की भाकरी तोंडात वाळूसारखी फिरते. वर्षभरात, कधी त्याहून उशिरा, थोडी सुधारणा होते, पण पूर्वीइतकी लाळ बहुधा येत नाही. चव त्यामानाने लवकर परतते, महिन्यांच्या हिशेबाने. आणि तिखट तर आगच लावतं. आपल्या गावातल्या माणसाला शेंगाचटणी आणि कडक भाकरी बंद म्हणजे अर्धं जेवण बंद. हे दुःख लहान समजू नका. एक काका मला म्हणाले होते, "मॅडम, गाल गेला त्याचं एवढं नाही वाटत, पण चटणीचा वास आला की उठून बाहेर जावं लागतंय."

इथे बहुतेक घरं एक चूक करतात. पेशंटसाठी सगळंच वेगळं शिजवतात आणि मिक्सरमधून काढलेली एक राखाडी पेज त्याच्यापुढे ठेवतात. तुम्हीही तेच करताय, आणि मला माहीत आहे की प्रेमानेच करताय. त्याऐवजी घरात जे होईल त्यातलंच तिखट घालायच्या आधी त्यांच्यापुरतं बाजूला काढा. भाकरी वरणात किंवा पातळ आमटीत कुस्करून भिजत ठेवा. शेंगदाण्याचं कूट बिनतिखटाचं, बारीक, दह्यात सैल करून. वर तूप. अंडं चालत असेल तर अंडं. वजन कमी असेल तर हेच त्यांना भरून काढेल. महागडे पावडरीचे डबे आहारतज्ज्ञांनी सांगितले असतील तरच आणा. डब्यांपायी बचत गटाचं कर्ज काढलेली घरं मी बघितली आहेत. वाटी वेगळी असली तरी चालेल, जेवण वेगळं नको. दर रविवारी वजन करून भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा. पाणी पिताना दर वेळी ठसका लागत असेल तर पुढच्या तारखेची वाट बघू नका, डॉक्टरांना लगेच सांगा.

आता उपरणं. ऑपरेशननंतर ओठाचा कोपरा बऱ्याचदा बधिर असतो. घास किंवा लाळ तिथून ओघळते आणि ज्याची ओघळते त्यालाच कळत नाही. कळतं ते समोरच्याच्या नजरेतून. एकदा तशी नजर बघितली की माणूस जन्माचं उपरणं धरतो. छातीचं कातडं गालात लावलं असेल तर पुरुषांना कधी कधी तोंडात केस येतात. हसू नका, याची लाज फार मोठी असते आणि ती कोणाकडेच बोलता येत नाही. पुढच्या तपासणीला नवऱ्याने हळूच विषय काढावा, त्यावर उपाय असतात. जेवताना जवळ एक हातरुमाल आणि छोटा आरसा असू द्या. आणि एकदम पूर्ण पंगतीत बसवू नका. चहापासून सुरुवात करा, कोमट चहा, आणि सोबतीला घरातलं ज्याच्यापुढे त्यांना संकोच वाटत नाही असं एकच माणूस. बहुतेक घरांत ते नातवंड असतं. एका घरातला सहा वर्षांचा नातू सगळ्यांदेखत विचारता झाला, "आजोबा, तुमच्या तोंडाला काय झालंय?" सगळे त्याला गप्प करायला धावले. आजोबा म्हणाले, "गाठ झाली होती, कापली, शिवली. बघतो का?" त्या घरात वर्षभरात आजाराबद्दल मोठ्याने बोललेलं ते पहिलं वाक्य होतं, असं त्यांची सून मला म्हणाली.

हाक मारली तर बोलत नाहीत, यावरही एक शंका. दर आठवड्याची केमो बहुतेक सिसप्लॅटिनची असते, आणि त्या औषधाने काही जणांना ऐकू कमी येतं, कानात शिट्टी वाजल्यासारखा आवाज राहतो. त्यात मामांची उमर मागांच्या खडखडाटात गेलेली. ते रुसलेत असं तुम्ही धरून चालला असाल, आणि त्यांना कदाचित हाकच ऐकू येत नसेल. कान तपासून घ्या. मनाचं काय ते नंतर बघू. थकवा, बोटांना मुंग्या, पायऱ्या चढताना धाप हेही महिनोन् महिने रेंगाळतं आणि त्यालाच घरचे 'आळस' किंवा 'उदासी' म्हणतात. मानेला लाईट दिलेल्यांचा थायरॉईड पुढे मंदावू शकतो, त्यानेही माणूस सुस्त होतो. सहा ते बारा महिन्यांनी टीएसएचची साधी रक्ततपासणी असते, ती झाली का बघा. आणि दात दुखला म्हणून गल्लीतल्या दवाखान्यात जाऊन उपटून घेऊ नका. लाईट दिलेल्या जबड्यातला दात काढला तर हाड भरून येत नाही असं होऊ शकतं. आधी लाईटच्या डॉक्टरांना विचारायचं, दाताच्या डॉक्टरांनाही आधीच सांगायचं.

सासूबाईंकडे येते. त्यांच्यावर रागावण्याआधी माझी एक चूक ऐका. नोकरीच्या सुरुवातीच्या काळात मी घरच्यांना सरसकट सांगायचे, "त्यांना पूर्ण आराम द्या." सोलापूरच्या पूर्व भागातल्या एक बाई होत्या, घरी तेलुगू बोलणाऱ्या, लहानपणापासून विड्या वळलेल्या. स्तनाच्या कॅन्सरचे सगळे उपचार झाले. सुनांनी माझा सल्ला शब्दशः पाळला. सहा महिन्यांनी तपासणीला आल्या तेव्हा बाई वाळून गेल्या होत्या आणि सगळे रिपोर्ट चांगले होते. मी विचारलं, घरी काय त्रास? म्हणाल्या, "त्रास कुठला मॅडम. मला देव केलेत. देवाला काय काम असतंय? बसायचं. पापड बी भाजू देईनात." तंबाखूच्या धुळीत परत बसू नका, असं मी त्यांना आजही सांगेन. पण विडी सुटली तेव्हा मजुरीबरोबर ओट्यावरच्या चार बाया, त्यांचं हसणं, आठवड्याच्या हिशेबाचा रुबाब हेही सगळं सुटलं, आणि त्याची भरपाई कोणी केली नाही. पुढे त्यांच्या गटाच्या बचतीची वही त्यांच्याकडे आली. शिकलेल्या नव्हत्या, पण आकडे पक्के. त्या वहीने त्यांना जे उभं केलं ते आमच्या समुपदेशनाने केलं नव्हतं.

तेव्हापासून मी 'आराम द्या' म्हणणं सोडलं. माणसाला विचारते, आजाराआधी तुमच्याशिवाय घरात काय अडायचं? मामांचं उत्तर मला इथून माहीत नाही, पण जॉबर माणूस म्हणजे कारखान्यात त्याच्यावाचून माग अडलेला असतो. मानेच्या गाठी काढल्या असतील तर त्या बाजूचा खांदा उतरतो, हात वर जात नाही, शर्ट घालताना दिसेल तुम्हाला. व्यायामाने बराच फरक पडतो, तरी जड सामान उचलण्याचं काम सध्या विसरा. पण तासभर जाऊन नव्या पोरांना माग लावायला शिकवणं, हे डॉक्टरांनी हो म्हटलं आणि मालक समजूतदार असेल तर जमण्यासारखं आहे. ते नाही तर घरातलं काहीतरी, ज्यात त्यांचा शब्द चालेल. लाईटबिल, नातवाचा अभ्यास, भाजी आणणं. चुकलं तर चुकू दे. सासूबाईंना मात्र 'सोडा' म्हणू नका, त्या सोडणार नाहीत. गेलं वर्षभर त्यांनी मृत्यूला दारात अडवून धरलंय असं त्यांना वाटतं, आणि हात काढला की तो आत येईल अशी भीती. त्यांना दुसरं काम द्या: काड्यांचा व्यायाम दिवसातून किती वेळा झाला याची नोंद त्यांच्याकडे. जपणं तेच, फक्त मामांना उठवणारं.

एक गृहस्थ होते, सिद्धेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेत वर्षानुवर्षं नंदीध्वजाची उंच, जड काठी पेलणाऱ्यांपैकी. असाच गालाचा आजार, खांदा गेलेला. घरच्यांनी ठरवलं, यंदा जानेवारीत यांना बाहेरच काढायचं नाही, सातही नंदीध्वज निघताना बघून रडतील. ते मात्र सरावाच्या पहिल्या संध्याकाळीच गायब. मुलगा शोधत गेला तर हे काठी घेऊन उभे, नवख्या पोरांची पावलं दुरुस्त करतायत, जीभ अडखळते तरी ओरडून. यात्रेत पांढरी बाराबंदी घालून शेवटपर्यंत चालले. पेलला नाही. चालले.

आता तुमचे यजमान. दर महिन्याला पेट स्कॅन करायची गरज नसते. या आजारात साधारण पहिलं वर्षभर एक ते तीन महिन्यांनी, दुसऱ्या वर्षी थोड्या अंतराने, पुढे आणखी लांबवत डॉक्टर बोलावतात, आणि मुख्य तपासणी ही हाताने आणि डोळ्याने केलेली असते: तोंड उघडून बघणं, मान चाचपणं. लाईटनंतर तीनेक महिन्यांनी कधी एखादा स्कॅन करतात, त्यानंतर काही लक्षण दिसलं तर. आजार उलटला तर बहुतेक वेळा पहिल्या दोन वर्षांत उलटतो, त्यामुळे त्यांची भीती बिनबुडाची नाही आणि तारीख चुकवायचीही नाही. पण मधल्या काळात लक्ष कशावर ठेवायचं ते कागदावर असू दे: दोन आठवड्यांत न भरणारी जखम, मानेत नवी गाठ, कानाकडे जाणारी कळ, रक्त, गिळताना नव्याने अडचण, आवाजात बदल, वजन उतरणं. यातलं काही दिसलं तर तारखेआधी जायचं. नाही दिसलं तर ठरलेल्या तारखेलाच.

तारखेच्या आधीचे आठ दिवस प्रत्येक घरात भांडणाचे असतात. मीठ जास्त झालं यावरूनही ताटं आदळतात. कॅलेंडरवर तो आठवडा खुणावून ठेवा आणि त्या आठवड्यात स्थळ, कर्ज, जागेचा वाद असलं काही काढू नका. एवढं केलं तरी निम्मी भांडणं टळतात.

आणि मावा. गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२पासून बंदी आहे, पण पानटपरीवर मावा घोटून मिळतोच. त्यातली तंबाखू सगळ्यांना माहीत असते. सुपारी स्वतःसुद्धा कॅन्सर करते आणि तोंड आखडवते, हे कमी जणांना माहीत असतं. मामांची बोटं मोजाल तेव्हा नवऱ्याचीही मोजा, त्याच बैठकीत. ओरडू नका. बापाचं तोंड बघून पोराने मावा सोडला नाही तर आपल्या ओरडण्याने काय सुटणार? त्याची भीती मोठी आहे आणि ती शांत करायला त्याला हेच माहीत आहे. १८००-११-२३५६ हा सरकारचा तंबाखू सोडण्यासाठीचा मोफत नंबर आहे, तिथे फोन लावून त्यांच्या हातात द्या. एक चौकशी राहिली, सासूबाई मिश्री लावतात का? तुम्ही लिहिलं नाही, पण मी प्रत्येक घरात विचारते आणि बऱ्याच घरांत सगळे एकमेकांकडे बघतात.

स्थळाबद्दल माझं मत स्पष्ट आहे. तंबाखूमुळे झालेला गालाचा कॅन्सर लेकीच्या रक्तात जात नाही, उष्ट्याने लागत नाही, एका ताटात जेवल्याने होत नाही, आणि बाहेरून दिलेले लाईट अंगात साठून राहत नाहीत. मामांचा पेला वेगळा ठेवला असेल तर आजच परत मांडणीवर ठेवा आणि नातवाला मांडीवर बसू द्या. आजार सांगायचा, पण पहिल्या चहापोह्यांत नाही. गोष्ट पुढे सरकली की, सुपारी फुटण्याआधी. लपवून जमवलेल्या लग्नात पुढची दहा वर्षं कोणीतरी कोणाला तरी टोमणे मारत राहतं. कोणी सांगायचं हे नणंदबाईंनी ठरवावं, आणि मामांना विचारल्याशिवाय नको. आजार त्यांचा, लेक त्यांची, आणि तुमच्या पत्रात या वादात त्यांना कोणी विचारल्याचं कुठे दिसलं नाही.

पैशांचं थोडक्यात. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत आता वर्षाला कुटुंबामागे ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे. पुढच्या तपासण्यांतलं काय बसतं ते रुग्णालयातल्या आरोग्यमित्रांना विचारा. तपासणीला बार्शीच्या कॅन्सर रुग्णालयात जात असाल तर एसटीत महिलांना निम्मं तिकीट आहेच. मुंबईला टाटाला जात असाल तर रेल्वेत कॅन्सर पेशंटला उपचारासाठी आणि नंतरच्या तपासणीसाठीही सवलत मिळते, स्लीपर आणि थ्री टायर एसीत पेशंटला पूर्ण, सोबतच्या एकाला ७५ टक्के. रुग्णालयाचा सही-शिक्क्याचा फॉर्म घेऊन तिकीट खिडकीवर काढायचं. सिद्धेश्वर एक्स्प्रेसने रात्री निघून सकाळी मुंबईत पोचणारे कितीतरी जण हे माहीत नसल्याने पूर्ण भाडं भरतात. सगळं कर्ज एका कागदावर लिहा आणि तो कागद मामांनाही दाखवा. मागच्या खोलीतली कुजबुज ऐकून ते जो आकडा धरून बसले असतील, तो खऱ्यापेक्षा मोठाच असणार. आणि ती फाईल चादरीच्या दुकानाच्या पिशवीत असेल (सगळ्यांची तशीच असते), तर तिचे मोबाईलवर फोटो काढून ठेवा. ऑपरेशनचा कागद, गाठीचा रिपोर्ट आणि लाईट किती दिले त्याचा कागद, एवढे तीन कधीच हरवू देऊ नका.

राहता राहिलात तुम्ही. चिडचिड होते म्हणून तुम्ही स्वतःला वाईट सून म्हटलंय. चौदा महिने एकाच पाळीवर उभं राहिलेल्या माणसाची चिडचिड होणारच, त्यात वाईटपणा कुठला आला? रडणं रोजचं झालं असेल, झोप उडाली असेल, तर १४४१६ हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा नंबर आहे, मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं. मामांच्या तोंडून 'आता कशाला जगायचं' असं काही निघालं तर ते सहज म्हणून सोडू नका. त्याच दिवशी डॉक्टरांना सांगा, आणि तोवर त्यांना एकटं ठेवू नका.

आणि हो, अक्कलकोटला जा. बरं दिसेल का, हे सासूबाईंना विचारू नका, सांगा. तपासणीचा आठवडा सोडून जा. दोन नाही, चार दिवस जा, कारण पहिले दोन दिवस तुम्ही नुसत्या झोपाल. जाण्याआधी एका संध्याकाळी नवऱ्याला स्वयंपाकघरात उभं करा आणि मामांची वाटी तिखटाआधी कधी बाजूला काढायची, भाकरी किती वेळ भिजवायची, मिक्सरच्या भांड्याचं पातं काढून कसं धुवायचं, हे त्यांच्या हातून एकदा करून घ्या. पहिल्या दिवशी फोन येईल, कूट कुठल्या डब्यात आहे म्हणून. सांगा आणि ठेवून द्या.